वजडीच्या चिठ्ठीवरचं नाव

बातमी आली तेव्हा मी चिठ्ठ्या कापत होते. जाड पांढरा कागद, अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या, साठ-सत्तर तरी लागतात. जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी आमच्या सोसायटीत जेवणाची जत्रा असते, आणि त्या दिवशी प्रत्येक पातेल्यापुढे एक चिठ्ठी उभी करायची असते. हे काम दरवर्षी माझं, कारण मी सत्तावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि अक्षराचा मला जरा गर्वच आहे. इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन म्हणाला, "मॅडम, चारसो दो के तायडे साहब गुजर गये. हॉस्पिटल से फोन आया अभी." मी "अच्छा" म्हणाले. अच्छा! एवढ्या वर्षांचा शेजार आणि तोंडातून निघालं काय, तर अच्छा. मग पुन्हा येऊन बसले आणि उरलेल्या चिठ्ठ्या कापून पूर्ण केल्या. हात थांबवले असते तर काय झालं असतं कोण जाणे.

तीनच दिवसांपूर्वी ते लिफ्टपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. छातीत कफ झाला होता, डॉक्टरांनी दोन दिवस ॲडमिट व्हा म्हटलं होतं. त्यांची मुलगी वैशाली बॅग घेऊन पुढे, पुष्पावहिनी मागे, आणि मध्ये हे मफलर गुंडाळून. माझं दार उघडं होतं. मला बघून म्हणाले, "ताई, मटणवाल्याला वजडी सांगून ठेवलीय जत्रेच्या रविवारसाठी. तुम्ही चिठ्ठी लिहून ठेवा. या वेळी नीट लिहा हां." आणि हसले. लिफ्टचं दार बंद झालं... त्या 'नीट'चा अर्थ त्या मजल्यावर फक्त आम्हा दोघांना आणि पुष्पावहिनींना कळत होता. तो सांगायचा तर मला माझी एक चूक सांगावी लागेल. ती सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे.

विश्वास तायडे जहाजावर कुक होते. मूळचे मेहकरकडचे. वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात लागले म्हणून कुटुंब इथल्या चाळीत आलं, आणि चाळ पाडून आमची ही इमारत उभी राहिली तेव्हा त्यांना चौथ्या मजल्यावर आमच्यासमोरचं घर मिळालं. आम्ही बाहेरून विकत घेऊन आलेले, ते मूळचे रहिवासी. म्हणजे खरं तर पाहुणे आम्ही. आठ-नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी, असा त्यांचा क्रम. घरी असले की जिन्यात सकाळपासून कांदा परतल्याचा वास असायचा. उंच, पोट सुटलेले, आवाज डेकवरून ओरडायची सवय झालेला. जिभेला हाड नव्हतं. मी पहिल्यांदा शेजारधर्म म्हणून उपमा दिला तर वाटी परत करताना म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण हा उपमा की प्लास्टर?" मी राग मानला. आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी ते रवा घेऊन दारात उभे. माझ्याच ओट्यावर उभं राहून त्यांनी मला रवा भाजायला शिकवला. मी तेव्हा पंचावन्न वर्षांची होते आणि माझ्या हाताखालून हजारेक पोरं गेली होती.

आमचं घर शाकाहारी. अंडंसुद्धा आणायचं नाही, खायचं तर बाहेर खा, असं. आमच्या घरात काय शिजत नाही हे आम्ही सगळ्यांना सांगत असू, आणि त्यांच्या घरात काय शिजतं हे कधी विचारत नसू. यालाच आम्ही सभ्यपणा समजायचो. तायडे बौद्ध, आम्ही असे. दिवाळीला आमचा फराळ त्यांच्याकडे, बुद्धपौर्णिमेला त्यांची खीर आमच्याकडे. सगळं गोडाचं. तिखटाची ताटली मधल्या पॅसेजमधून कधी इकडून तिकडे गेली नव्हती.

जेवणाच्या जत्रेची कल्पना त्यांनी फिलिपिन्सहून आणली. बोटीवर त्यांच्याबरोबर नेस्टर नावाचा एक फिलिपिनो खलाशी होता. बोट दुरुस्तीला थांबली असताना तो त्यांना आपल्या गावी, इलोइलो नावाच्या शहरात घेऊन गेला, आणि नेमकी तेव्हा तिथली वर्षाची खाण्यापिण्याची आणि जुन्या वारशाची जत्रा चालू होती. तायड्यांनी ती गोष्ट मला किती वेळा सांगितली असेल! रस्ते बंद केलेले, चर्चच्या पटांगणात टेबलांच्या रांगा, जुन्या वाड्यांची दारं लोकांसाठी उघडलेली, आणि प्रत्येक मोहल्ला आपापलं पातेलं घेऊन बसलेला. "ताई, त्यांचं सगळ्यात मोठं नाव असलेलं सूप कशाचं माहितीय? डुकराच्या आतड्याचं, काळजाचं. वर शेवया. खाटकांनी उरलंसुरलं शिजवलेलं ते, आणि आज? मेयर उभा राहून सगळ्यांसमोर खातो! आपल्याकडे माझी आई असलंच काही शिजवायची तर खिडकी लावून घ्यायची." हे वाक्य ते नेहमी हसत हसत म्हणायचे. मी चहा ढवळायचे.

आणखी एक पदार्थ त्यांच्या मनात भरला होता. काळ्या तुरीचे दाणे, कच्चा फणस आणि डुकराचं मटण, त्यात आमसुलाचं चुलतभावंड शोभेल असं एक आंबट फळ. रस्सा जांभळट. तूर आणि फणस बघून यांना घरच्यासारखं वाटलं आणि त्यांनी वाडगा पुढे केला, पण वाढणारी म्हातारी वाढेना. नेस्टरने समजावलं, की ही बाई आधी नाव सांगते, मग डाव बुडवते. ज्या बाईकडून ती शिकली तिचं नाव. ती बाई कुणाकडून शिकली तिचंही नाव. तुम्ही ते तिच्यामागून एकदा म्हणायचं, मग जेवायचं. तायड्यांनी ती दोन्ही नावं म्हटली, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी त्या म्हातारीने त्यांना भाजी निवडायला बसवलं. तिचं नाव रोसारियो. ते तिला 'रोसारियो आजी' म्हणायचे, जशी काही ती विक्रोळीलाच दोन गल्ल्या पलीकडे राहते.

नोकरी संपवून कायमचे घरी आल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला. सोसायटीची मीटिंग म्हणजे पाण्याची टाकी आणि पार्किंग. त्यात हे उभे राहून म्हणाले, आपण जेवणाची जत्रा करू या. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा, आणि नियम एकच, पदार्थ कुणाकडून शिकलो तिचं किंवा त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. नुसतं 'आई' नाही चालणार. नाव. शाकाहारी टेबल वेगळं, मांसाहारी वेगळं, त्यावर दीड तास वाद झाला. नावाच्या नियमावर कुणी वाद घातला नाही, कारण तो सगळ्यांना सोपा वाटला.

सोपा! चिठ्ठ्या लिहायला बसले तेव्हा कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना आजीचं नाव येईना. जिच्या हातचे लाडू आयुष्यभर खाल्ले ती फक्त 'माई'. एकीने गावाला फोन लावला. एकीचा नवरा म्हणाला, लिहा काहीही, कोण बघतंय. मी मात्र तोऱ्यात होते. मी आळूचं फदफदं केलं होतं, माझ्या आईचं, आणि चिठ्ठी सगळ्यात आधी लिहून ठेवली होती: सुमती. तायडे ती वाचून म्हणाले, "हे आईने सासरी शिकलं का?" मी म्हटलं, "छे, तिच्या माहेरचं आहे. सासरी आळूला हात लावत नसत." ते म्हणाले, "मग तेव्हा ती सुमती कुठे होती? तुमच्यात लग्नात नाव बदलतात ना? शिकली तेव्हा तिचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. आई जाऊन चौदा वर्षं झाली होती आणि तिचं जन्माचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. शाळेत पोरांना 'पूर्ण नाव लिहा' म्हणून ओरडणारी मी. दुसऱ्या दिवशी बोरिवलीला मावशीला फोन केला. मावशी नव्वदीची, कानाने अधू. तीनदा विचारल्यावर म्हणाली, "द्वारका गं. आमची द्वारकी." फोन ठेवून मी बराच वेळ रडले... आणि सुमतीच्या चिठ्ठीवर काट न मारता वर द्वारका लिहिलं. आईचं नाव तायड्यांमुळे मला मिळालं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनाही नाही.

आणि याच माणसाशी मी जे केलं ते ऐका. त्याच पहिल्या जत्रेला त्यांनी वजडीचा रस्सा आणला. वजडी म्हणजे बोकडाचं पोट, आतडं. मला चिठ्ठीचा मजकूर त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवला होता: 'वजडीचा रस्सा. अनसूया तायडे यांच्याकडून.' अनसूया म्हणजे त्यांची आई, खिडकी लावून घेणारी. सकाळी आमचे तेव्हाचे सेक्रेटरी माझ्यापाशी आले, अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, बाहेरचेही पाहुणे येणार आहेत. वजडी वाचून लोकांना कसंसंच होईल. जरा सौम्य लिहा ना. त्यांचाच पदार्थ खपायला नको का?" त्यांना दोष देऊन मी सुटणार नाही. पेन माझ्या हातात होतं, आणि खरं सांगायचं तर तो शब्द लिहिताना मलाच कसंसं होत होतं. मी लिहिलं, 'मटण सूप. तायडे परिवार.' माझ्या सुंदर अक्षरात.

तायडे पातेलं घेऊन आले, चिठ्ठी वाचली. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग डाव हातात घेऊन दुपारभर वाढत राहिले. लोकांनी पातेलं अक्षरशः पुसून खाल्लं, दोन-दोनदा आले. कुणी विचारलं, कशाचं आहे हो, तर ते चिठ्ठीकडे बोट दाखवायचे. शेवटी पातेलं उचलताना मला म्हणाले, "ताई, अक्षर एकदम झकास आहे तुमचं." बस. एवढंच. एखाद्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षापासून ते तूर-फणसाचा रस्सा आणू लागले, मटण न घालता, शाकाहारी टेबलावर. चिठ्ठी: 'रोसारियो, इलोइलो.' वाढण्याआधी ते प्रत्येकाकडून 'रोसारियो' म्हणवून घ्यायचे. पोरांना फार मजा यायची. सात समुद्रांपलीकडच्या म्हातारीचं नाव आमच्या सोसायटीतल्या पोराटोरांना पाठ, आणि याच जागेवरच्या चाळीत चाळीस वर्षं राहिलेल्या अनसूयाबाईंचं नाव कुणाला ठाऊक नाही. दर वर्षी मी ती चिठ्ठी लिहायचे आणि दर वर्षी मला ते टोचायचं. एकदाही बोलले नाही. शेजार चांगला होता ना आमचा...

चांगला होताच. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तायड्यांनी माझ्या यजमानांना, ज्यांना गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा माहीत नव्हतं, वरण-भात, दोन भाज्या आणि पोळी शिकवली. पोळी कसली, नकाशे. पण गोल येईपर्यंत सोडलं नाही. "शरदराव, बोटीवर असता तर कॅप्टनने तुम्हाला समुद्रात टाकलं असतं," असं रोज ऐकवायचे आणि यजमान शाळकरी पोरासारखे खूश. लॉकडाउनमध्ये गावी जाता न आलेल्या वॉचमन लोकांना सलग दोन महिने यांच्या घरून डबा होता, आणि त्याबद्दल कुणी ग्रुपवर कौतुक टाकलं तर हे भडकायचे. म्हणायचे, जेवायला घालून फोटो काढणारा कुक नव्हे. मोठ्या मनाचा माणूस होता. मन मोठं असूनही ती एक चिठ्ठी त्यात अडकून राहिली होती, हे मला समोरच्या दारातून दिसत होतं.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी वही-पेन घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "मला वजडी सांगा." ते बघतच राहिले. "तुम्ही खाणार?" "नाही. लिहिणार." पुष्पावहिनी आतून बाहेर आल्या. मी म्हटलं, तेव्हा मी चूक केली होती, मुद्दाम केली होती, आणि त्याची मला लाज वाटते. हे वाक्य म्हणायला मला सहा वर्षं लागली. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ताई, लोकांनी नाकं मुरडली असती तर चाललं असतं. ती सवय होती आम्हाला. पण लोकांनी आवडीने खाल्लं हो! आईचा पदार्थ पहिल्यांदा चारचौघांत, उघड्यावर, लोक बोटं चाटून खातायत... आणि तिचंच नाव नाही." त्यांचे डोळे भरले होते. माझेही. वहिनींनी चहा टाकला.

मग ते सांगत गेले आणि मी दोन तास लिहीत होते. वजडी गरम पाण्यात किती वेळ ठेवायची, चुना कसा चोळायचा, सुरीच्या बोथट बाजूने कशी खरवडायची, सात पाण्यांनी कशी धुवायची. "आई म्हणायची, वजडीला स्वयंपाक नाहीच. धुणं हाच स्वयंपाक." मग हळद-मीठ घालून शिजवायची, कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजायचं, काळा मसाला, शेवटी रस्सा मिळून यायला चमचाभर ज्वारीचं पीठ. मी प्रत्येक गोष्ट चमच्यांत, मिनिटांत मागत होते, ते वैतागत होते. शेवटी म्हणाले, "यंदा मी आणतो. तुम्ही चिठ्ठी लिहा." ठरलं.

आणि जत्रेला आठ दिवस उरले असताना ते गेले. जत्रा रद्द करावी असं सगळ्यांचंच मत पडलं. पाचव्या दिवशी वैशाली माझ्याकडे आली. ती मालाडला एका ऑफिसात असते, स्वयंपाकाचा तिला कधी उत्साह नव्हता, आणि बाप असा सुगरण असल्यावर कशाला शिकेल? म्हणाली, "काकू, बाबांनी वजडी सांगून ठेवलीय. मटणवाल्याचा फोन आला होता. मला येत नाही. आईलाही नाही येत, वजडी बाबांनी कधी कुणाला करूच दिली नाही. तुमच्या वहीत आहे म्हणे..." तीच असं म्हणतेय म्हटल्यावर जत्रा रद्द करायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

तर असं झालं, की त्या रविवारी सकाळी विक्रोळीत अनसूयाबाईंची वजडी जगात एकाच ठिकाणी शिल्लक होती, अंड्यालाही हात न लावणाऱ्या बाईच्या वहीत. मी चष्मा लावून त्यांच्या ओट्याशी उभी राहिले. वाचत गेले, वैशाली करत गेली. चौथ्या पाण्यावर ती म्हणाली, "काकू, झालं की स्वच्छ." मी म्हटलं, "सात लिहिलंय." वास मला सोसत नव्हता, हे लपवत नाही. खिडकी मात्र मी सताड उघडली. मीठ बघायला मी निरुपयोगी, म्हणून पुष्पावहिनींना हाक मारली. त्यांनी पळीतला रस्सा हातावर घेऊन चाटला. म्हणाल्या, "मीठ कमी आहे. बाकी तेच आहे." मग पदर डोळ्यांना लावला.

चिठ्ठी मी आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती. मोठ्या ठसठशीत अक्षरात 'वजडीचा रस्सा', खाली 'अनसूया तायडे यांच्याकडून विश्वास तायडे'. वैशालीने ती हातात घेतली, वाचली आणि परत माझ्यापुढे धरली. "काकू, अर्धवट आहे."

"काय राहिलं?"

"मी बाबांकडून कुठे शिकले? मी तुमच्याकडून शिकले. नियम आहे ना?"

मी म्हटलं, "वैशाली, अगं मी... वजडीवर माझं नाव?" तिने अगदी तिच्या बापासारखी मान तिरकी केली. "शिकलात तेव्हा तुमचं नाव काय होतं?"

पेन हातात घेतलं आणि दोन नावांखाली तिसरं लिहिलं, वसुधा.  वैशाली डाव धरून टेबलामागे उभी राहिली आणि नावं म्हटल्याशिवाय तिने कुणालाही वाढलं नाही. अनसूया, विश्वास, वसुधा. रांगेतल्या लहान पोरांनी ती इतक्या मोठ्याने म्हटली की शेजारच्या बिल्डिंगमधून लोक गॅलरीत आले.

ती चिठ्ठी आता माझ्या स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्यावरच्या फळीला चिकटवलेली आहे. खालच्या कोपऱ्यावर रश्श्याचा तेलकट डाग पडलाय. यजमान म्हणाले, "अगं, डाग पडलाय, नवी लिहून लाव की." मी नाही म्हटलं. सगळ्या आयुष्यात एवढी एकच चिठ्ठी मी नीट लिहिली आहे.